वहीबाहेरच्या फेंकी

माझ्या कोटाच्या आंतल्या खिशांत एक लहानशी वही असते. तींत कवितेची ओळ नाहीं, औषधांची यादी नाहीं, कीं उसनवारीची नोंद नाहीं. आहेत ते नुसते आंकडे: १४, १७, १२, १९, आणि पान उलटलें म्हणजे एकदम ५८, ७१, ८८. सांगलीच्या एका बँकेंत ३५ वर्षें खतावणी लिहिण्यांत ज्याचे डोळे गेले त्याला म्हातारपणींहि आंकड्यांवांचून चैन पडत नाहीं, असें आमच्या सूनबाई थट्टेनें म्हणतात. आणि तें खोटें नाहीं. परंतु हे आंकडे रुपयांचे नव्हेत. माझा नातू बेसबॉलच्या मैदानावर एका सामन्यांत किती वेळां चेंडू फेंकतो, त्याची ही रोजकीर्द आहे.

चिरंजीवांनीं मला शिकागोजवळच्या आपल्या घरीं आणलें त्याला आतां बरींच वर्षें झालीं. प्रथम प्रथम हा खेळ मला अगदीं अरसिक वाटे. एक जण फेंकतो, दुसरा दांडकें फिरवितो व बहुधा चुकतो, आणि बाकीचे सूर्यफुलाच्या बिया चघळीत उभे असतात! हजारे आणि मर्चंट यांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसानें याला खेळ कां म्हणावें, असें मी मनांत म्हणें. पुढें नातू खेळूं लागला आणि माझी रसिकता एकाएकीं जागी झाली. आजोबांचे कलाविषयक सिद्धांत नातवंडांपुढें फार वेळ टिकत नाहींत.

बेसबॉलचा 'पिचर' म्हणजे आपला गोलंदाज, अशी मीं पहिल्या दिवशीं समजूत करून घेतली आणि तेथेंच फसलों. आपला गोलंदाज सहा चेंडू टाकतो आणि मग दुसऱ्या टोंकाचा गडी टाकीत असतां सीमेवर उभा राहून दम खातो. पिचरला दुसरें टोंकच नाहीं. मातीच्या एका उंचवट्यावर तो एकटा उभा असतो. ६० फूट ६ इंचांवर फलंदाजाजवळची पांढरी पाटी असते. आणि तीन गडी बाद होईपर्यंत त्यालाच फेंकीत राहावें लागतें. तीन गडी बाद झाले कीं त्याच्यापुरती एक इनिंग संपली. मोठ्यांच्या सामन्यांत अशा नऊ, शाळेच्या सामन्यांत सात. सामना ज्याच्या हातानें सुरू होतो तो 'स्टार्टर'. तो दमला, किंवा त्याची फेंक समोरच्यांच्या ओळखीची झाली, म्हणजे त्याच्या जागीं येतो तो 'रिलीव्हर'. मुंबईच्या गिरण्यांत 'बदली' कामगार असत. सकाळीं फाटकाशीं येऊन उभें राहावयाचें, कुणी गैरहजर असला तर आंत, नाहीं तर घरीं. रिलीव्हरचें आयुष्य पुष्कळसें तसेंच. मैदानाच्या कडेला 'बुलपेन' नांवाचा एक कोंडवाडा असतो. तेथें तो बसून राहतो, इशारा झाला कीं उठून हात गरम करतो, आणि पुष्कळदां गरम केलेला हात घेऊन पुन्हां खालीं बसतो.

मोठ्या लीगमध्यें स्टार्टर साधारणतः दर पांचव्या दिवशीं येतो आणि ९० ते १०० चेंडू फेंकतो. रिलीव्हर येतो तो बहुधा एका इनिंगपुरता, पंधरावीस चेंडूंसाठीं. पण तो आज येईल, उद्यांहि येईल. दोघांच्या कामांत अंतर आहे तें केवळ संख्येचें नव्हे. रिलीव्हर आपलें सर्वस्व त्या पंधरा फेंकींत ओततो. राखून ठेवण्याचें त्याला कारणच नसतें. स्टार्टरला तेच फलंदाज दोनदां, तीनदां भेटतात, आणि तिसऱ्या भेटींत ते त्याचें मन ओळखूं लागतात. म्हणून दोन तऱ्हांच्या फेंकींवर त्याचें भागत नाहीं, तिसरी शिकावी लागते. आणि मुख्य म्हणजे त्याला जोर आंवरावा लागतो. आळंदीहून निघालेला वारकरी दिवेघाट पाहून पळत सुटला तर त्याची वारी सासवडासच संपावयाची. उलट, आग विझवावयास निघालेल्यानें वारकऱ्याच्या पावलांनीं चालून कसें भागेल? काल जो आगीकडे धांवत होता त्यालाच उद्यां पंढरीची वाट धरावयास सांगणें, आणि तेंहि त्याचा हात शाबूत ठेवून, एवढाच काय तो प्रश्न आहे.

क्रिकेटमध्यें याची थोडीशी झलक आपण पाहिली आहे. जसप्रीत बुमराह प्रथम चार षटकांचा धनी म्हणून गाजला. २०१८ च्या जानेवारींत केप टाउनला त्यानें पहिली कसोटी खेळली. आणि २०२५ च्या इंग्लंडच्या दौऱ्यांत त्यानें पांचांपैकीं तीनच कसोट्या खेळावयाच्या असें आधींच ठरलें, तेव्हां माझ्या पुण्याच्या मित्रमंडळींनीं फोनवरून केवढा गहजब केला! "आमच्या वेळीं" या शब्दांनीं सुरू होणारें वाक्य म्हाताऱ्यांना फार प्रिय असतें. मीहि त्यांतलाच होतों.

२०२४ च्या वसंतांत माझा नातू १५ वर्षांचा होता आणि शाळेच्या संघांत रिलीव्हर होता. शेवटची इनिंग आली आणि आपला संघ एकदोन धांवांनीं पुढें असला, म्हणजे त्याला बोलावीत. तो उंचवट्याकडे धांवत जाई. चालत गेलेला मीं त्याला कधीं पाहिला नाहीं. पंधरासोळा फेंकींत सारा खेळ आटोपे, मुलें त्याच्या अंगावर उड्या घेत, आणि घरीं आल्यावर तो दोन पोळ्या अधिक खाई. वहींतले ते १४, १७, १२, १९ त्या सुखाच्या दिवसांतले आहेत.

त्याच उन्हाळ्यांत आम्ही दोघे शिकागोच्या दक्षिण भागांत व्हाइट सॉक्स या संघाचे सामने पाहावयास जात असूं. ३५ व्या रस्त्याच्या स्टेशनावर आगगाडींतून उतरलें कीं मैदान समोरच. त्या वर्षीं या संघानें १२१ सामने हरून आधुनिक काळांतला विक्रम केला. त्यामुळें तिकिटें स्वस्त होतीं, आणि पेन्शनरास यापरतें सुख तें कोणतें? परंतु पांचसहा दिवसांतून एकदां त्या पडक्या वाड्यांत समई लागे. तिचें नांव गॅरेट क्रोशे.

हा उंच, डावखुरा जवान २०२० सालीं विद्यापीठांतून थेट मोठ्या लीगमध्यें आला, दुय्यम लीगचा एकहि सामना न खेळतां. २०२१ त त्यानें रिलीव्हर म्हणून ५४ इनिंग टाकल्या. २०२२ च्या एप्रिलांत कोपरावर शस्त्रक्रिया झाली. २०२३ त जेमतेम १२. सारें आयुष्य मिळून मोठ्या लीगमधील ७३ इनिंग! आणि असल्या माणसाला २०२४ च्या मार्चमध्यें हंगामाच्या पहिल्याच सामन्यांत स्टार्टर म्हणून उभें केलें. तत्पूर्वीं मोठ्या लीगचा एकहि सामना त्यानें सुरू केलेला नव्हता. त्या दिवशीं ६ इनिंगांत त्यानें एकच धांव दिली. संघ अर्थातच एका धांवेनें हरला. त्या वर्षीं त्यानें 'कटर' नांवाची तिसरी फेंक हाताशीं धरली होती, आणि जूनअखेरपर्यंत तो असा कांहीं सुटला होता कीं नातवानें भिंतीवरचीं बाकीचीं सारीं चित्रें काढून टाकलीं.

जुलैपासून संघानें लगाम आंवळला. सामना त्यानेंच सुरू करावयाचा, पण चार इनिंगांपुढें जावयाचें नाहीं. हात चालतो आहे, फलंदाज चांचपडताहेत, आणि चौथी इनिंग संपली कीं हा मान खालीं घालून आंत जातो! माझ्या शेजारीं बसलेले एक गृहस्थ एकदां चिडून म्हणाले कीं तिकिटाचे पैसे पुरे घेतात आणि दुसऱ्या अंकानंतर पडदा पाडतात. मला तें पटलें. नातू मात्र शांतपणें म्हणाला, "आजोबा, त्याला पुढच्या वर्षी पण फेंकायचं आहे." वर्षाअखेर क्रोशेच्या नांवावर १४६ इनिंग होत्या, मागल्या साऱ्या आयुष्याच्या बरोबर दुप्पट. डिसेंबरांत त्याला बोस्टनकडे धाडण्यांत आलें, आणि २०२५ त तेथें त्यानें २०५ इनिंग टाकून १८ सामने जिंकले. पण हें पुढचें झालें.

२०२५ च्या मार्चमध्यें एका रात्रीं जेवतांना नातवानें बातमी सांगितली. शाळेच्या दोन स्टार्टरांपैकीं एक शिक्षण संपवून गेला होता, दुसऱ्याच्या वडिलांची बदली झाली होती. कोचनें याला स्टार्टर केलें होतें. "क्रोशे झाला, मग मी का नाही?" असें म्हणून त्यानें पानांतली आमटी एका दमांत संपविली. चिरंजीव आनंदले, सूनबाईंनीं दुसऱ्या दिवशीं शिरा केला, आणि मीं वहीचें नवें पान काढलें.

हें स्थित्यंतर करावयाची रीत सांगावयास सोपी आहे. आज ३० फेंकी, कांहीं दिवसांच्या विश्रांतीनंतर ४५, मग ६०, मग ७५. हाताला वाट हळूहळू लांबवून दाखवावयाची. मोठ्या लीगमध्यें या कामासाठीं फेब्रुवारी-मार्चचे सहा आठवडे राखलेले असतात, आणि तेंहि फ्लॉरिडा-ॲरिझोनाच्या उन्हांत. इलिनॉयच्या शाळेला बर्फ वितळेपर्यंत मैदानच नसतें. व्यायामशाळेच्या लांकडी जमिनीवर दोन आठवडे फेंकून मुलें एकदम सामन्यांत उतरतात.

मी बँकवाला, नवें खातें उघडण्यापूर्वीं जुनीं खातीं चाळावयाची मला संवय. योगायोग असा कीं या एका व्हाइट सॉक्स संघाच्या दप्तरांतच या विषयाचीं सारीं उदाहरणें सांपडतात. विल्बर वुड हा १९७० सालीं रिलीव्हर म्हणून ७७ सामन्यांत आला होता. १९७१ त त्याला स्टार्टर केलें आणि त्यानें ३३४ इनिंग टाकल्या. १९७२ त ३७६! आज एखाद्यानें २०० टाकल्या तर वर्तमानपत्रें त्याची आरती ओंवाळतात. १९७३ च्या जुलैंत न्यूयॉर्कला एकाच दिवशींचे दोन्ही सामने त्यानें सुरू केले. (दोन्ही हरला, ही गोष्ट निराळी.) पण वुडची फेंक होती 'नकलबॉल': बोटांच्या टोंकांनीं धरून अलगद सोडलेला, न फिरतां तरंगत जाणारा चेंडू. हातावर त्याचा भार असा पडतच नसे. त्याच्या पतीवर दुसऱ्या कुणाला कर्ज देणें शहाणपणाचें नव्हतें. तरी संघानें १९७६ सालीं रिच गॉसेजला दिलें. गॉसेज १९७५ त लीगमधला नामांकित रिलीव्हर, आडदांड जोराचा. स्टार्टर झाल्यावर त्यानें २२४ इनिंग टाकल्या, ९ सामने जिंकले, १७ हरला. पुढच्या वर्षीं तो पिट्सबर्गला जाऊन पुन्हां रिलीव्हर झाला आणि त्याच कामावर २००८ सालीं खेळाच्या कीर्तिमंदिरांत पोंचला. त्याचा हात मोडला नाहीं. फक्त त्याचा स्वभाव वारकऱ्याचा नव्हता.

क्रिस सेलची गोष्ट याहून मनोरंजक. २०११ त रिलीव्हर म्हणून ७१ इनिंग, २०१२ त स्टार्टर. मे महिन्यांत कोपर दुखूं लागतांच संघानें घाबरून त्याला पुन्हां रिलीव्हर केलें. त्याला तें मुळींच रुचलें नाहीं, आणि तसें त्यानें स्पष्ट सांगितलें. एकदां तो रिलीव्हर म्हणून आला, कोपराची एम. आर. आय. तपासणी झाली, तींत वावगें कांहीं निघालें नाहीं; आणि तो पुन्हां स्टार्टर झाला. वर्षाअखेर १९२ इनिंग व १७ विजय. शस्त्रक्रिया त्यालाहि चुकली नाहीं, पण ती आली आठ वर्षांनीं, २०२० त. आणि २०२४ त अटलांटाकडून खेळतांना त्यानें उत्कृष्ट पिचरला मिळणारा साय यंग पुरस्कार पटकाविला.

आतां याच्या उलट न्यूयॉर्क यांकीज संघाचा जोबा चेंबरलेन. २००७ सालीं तो रिलीव्हर म्हणून आला तेव्हां त्याच्यासाठीं संघानें जणुं एक स्मृतिग्रंथच रचला होता: एक इनिंग टाकली तर एक दिवस विश्रांति, दोन टाकल्या तर दोन दिवस; लागोपाठ दोन दिवस फेंकावयाचें नाहीं. २००८ च्या जूनमध्यें त्याला जपून जपून स्टार्टर केलें. ऑगस्टांत खांदा दुखावला. २००९ त ३१ सामने त्यानें सुरू केले, त्यांतले शेवटचे कित्येक मुद्दाम तोकडे केलेले. २०१० त तो पुन्हां रिलीव्हर. २०११ त कोपरावर शस्त्रक्रिया. ज्यानें छत्री घेतली तो भिजला आणि ज्यानें ती फेंकून दिली तो कोरडा घरीं आला! टॉम व्हर्डुची या क्रीडालेखकानें एक नियम बसविला होता, कीं पंचविशीच्या आंतल्या पिचरनें गेल्या वर्षाहून ३० पेक्षां अधिक इनिंग वाढवूं नयेत. पुढें इतरांनीं आंकडे ताडून पाहिले तेव्हां त्या नियमाला म्हणण्यासारखा आधार मिळाला नाहीं. हीं खातीं चाळून मी ज्या ठिकाणीं होतों त्याच ठिकाणीं राहिलों. एक खरें, कीं हे सारे मोठे पुरुष होते, आणि त्यांच्या दिमतीला वैद्य होते. माझ्या घरीं एक सोळा वर्षांचा मुलगा होता.

मुलांसाठीं नियम आहेत. मेजर लीग आणि यूएसए बेसबॉल या दोन संस्थांनीं २०१४ सालीं वयवार मर्यादा प्रसिद्ध केल्या: १५-१६ वर्षांच्या मुलानें एका दिवसांत ९५ हून अधिक फेंकी टाकूं नयेत, आणि ७६ च्या वर गेल्यास चार दिवस विश्रांति घ्यावी. शाळेचे कोच भले गृहस्थ होते. ते या मर्यादा पाळीत. त्यांच्या हातीं पुस्तक असे आणि त्यांत प्रत्येक फेंकीला एक रेघ पडे. पहिल्या सामन्यांत ५८, दुसऱ्यांत ७१, तिसऱ्यांत, एका सोमवारीं, ८८. त्यांचा आंकडा आणि माझा आंकडा तंतोतंत जुळे, आणि मला बँकेंतल्या संध्याकाळच्या मेळाचें समाधान मिळे.

पुढच्या शनिवारीं एकामागून एक दोन सामने होते. नातवाचे विश्रांतीचे चार दिवस पुरे झाले होते, म्हणून त्याला गरजेपुरता बुलपेनमध्यें बसविला. पहिल्या सामन्यांत संघ अडचणींत आला, त्याला उठविलें, त्यानें हात गरम केला, अडचण टळली, तो बसला. दुसऱ्या सामन्यांत पुन्हां तेंच. दोन्ही वेळां तो मैदानांत आलाच नाहीं. त्यांतून तो जुना रिलीव्हर. इशारा झाला कीं पूर्ण जोरानें फेंकावयाची त्याला संवय. मी कुंपणाशेजारीं बसून मोजीत होतों: २७ आणि २४. सामना संपल्यावर कोचच्या पुस्तकांत नातवाच्या नांवापुढें शून्य होतें.

त्या रात्रीं तो डाव्या हातानें जेवला. पोळी बाजूला सारून त्यानें चमच्यानें वरणभात खाल्ला, आणि चमचा डाव्या हातांत होता. चिरंजीव दूरदर्शनकडे पाहत होते, सूनबाई स्वयंपाकघरांत होत्या. त्यानें मला पाहतांना पाहिलें. वर निजावयास जातांना तो माझ्या खोलीशीं थांबला आणि म्हणाला, "आजोबा, बाबांना सांगूं नका. मंगळवारी माझी पाळी आहे. उद्यां बरं होईल."

मीं सांगितलें नाहीं.

त्याचीं कारणें मी आजहि देऊं शकतों. नातवानें विश्वासानें सांगितलेली गोष्ट फोडूं नये. दुखणें लहान असेल. पुस्तकाप्रमाणें त्याला सोमवारपासून सात दिवसांची पुरी विश्रांति मिळाली होती. आणि मनाच्या तळाशीं आणखी एक होतें: तो खेळला नाहीं तर मी काय पाहूं? रविवारीं दुपारीं मात्र घरांत कुणी नसतांना मीं वही घेतली आणि तो आठवडा पुन्हां मांडला. सोमवारीं सामन्यापूर्वीं हात गरम करतांना ३५. पहिल्या इनिंगआधीं सरावाच्या ८ आणि पुढच्या चार इनिंगांआधीं पांच पांच, मिळून २८. सामन्यांतल्या ८८. बुधवारीं सरावाला ३०. शनिवारीं ५१. एकूण २३२. पुस्तकांत होत्या ८८.

फ्लॉरिडांतील कांहीं संशोधकांनीं शाळकरी पिचरांच्या मागें बसून हेंच मोजलें आहे, हें मला पुढें वाचावयास मिळालें. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणींत सामन्याच्या दिवशींच्या शेंकडा चाळीसांहून अधिक फेंकी कुणाच्याच हिशेबांत धरल्या गेल्या नव्हत्या. पण मला हें कळावयास संशोधकांची गरज नव्हती. माझ्यापाशीं वही होती. बँकेंत रोखींत एक रुपया कमी आला तर रात्रीं नऊ वाजेपर्यंत मी कुणाला घरीं जाऊं देत नसें. आणि येथें १४४ फेंकींची तफावत खिशांत घालून मी चहा करावयास उठलों.

मंगळवारीं पहिल्या तीन इनिंग चांगल्या गेल्या. चौथ्या इनिंगपासून चेंडू वर वर जाऊं लागला. पांचवींत त्याचा कोपर खांद्याच्या खालीं येऊं लागला. चेंडू हातांतून सुटण्याऐवजीं ढकलला जात होता. दोन फेंकींच्या मध्यें तो पाठमोरा होऊन बोटें झाडी. कोच पुस्तकांत पाहत होते. आंकडा मर्यादेच्या आंत होता. ८९, ९०, ९१. तेथें मी उठलों, कुंपणाजवळ गेलों, आणि चिरंजीवांना सारें सांगितलें, शनिवारची रात्रहि. त्यांनीं प्रथम मैदानाकडे पाहिलें, मग माझ्याकडे. "नाना, तुम्हांला ठाऊक होतं?" एवढेंच ते म्हणाले, आणि कुंपणाचें दार उघडून आंत गेले.

हातावर हात ठेवून बसण्याचा अर्थ मला पुढच्या चार दिवसांत कळला. त्या शाळेंतल्या मुलांच्या तोंडीं एका शस्त्रक्रियेचें नांव सहज असतें, देवीच्या लशीइतकें सहज. १९७४ सालीं डॉ. फ्रँक जोब यांनीं टॉमी जॉन या पिचरच्या डाव्या कोपरांत तुटलेल्या बंधाच्या जागीं त्याच्याच उजव्या हातांतला एक स्नायुबंध काढून बसविला. जॉन त्यानंतर १९८९ पर्यंत फेंकीत राहिला आणि १६४ सामने जिंकला. ही कथा मुलांना पाठ आहे. त्यांच्यांतला एक तर मला समजावून सांगत होता कीं त्या शस्त्रक्रियेनें हात पूर्वींहून वेगवान होतो. तो वेग शस्त्रक्रियेचा नसून वर्षभराच्या व्यायामाचा असतो, आणि कित्येकांना तोहि मिळत नाहीं, हें त्याला कोण सांगणार? डॉक्टरांनीं छायाचित्रें दिव्यासमोर धरलीं तेव्हां माझें लक्ष त्यांच्या तोंडाकडे होतें. कोपराच्या आंतल्या बाजूचा बंध ताणला होता, तुटला नव्हता. सहा आठवडे एकहि फेंक नाहीं. मग पुन्हां तपासणी.

कोच घरीं येऊन गेले. मीं त्यांना वही दाखविली. त्यांनीं ती बराच वेळ पाहिली आणि त्या आठवड्याचें पान फोनवर टिपून घेतलें. "मला कुणीच बुलपेनचे आंकडे देत नाही," असें ते म्हणाले. तें खरेंच होतें. त्यांना ते देऊं शकणारा एकच मनुष्य गांवांत होता. पुढच्या सामन्यापासून त्यांनीं बुलपेनशेजारीं एक मुलगा पाटी-पेन्सिल देऊन बसविला, असें नातवाकडून कळलें. त्याचा उपयोग होईल कीं नाहीं कोण जाणे. जो हात वांचला तो आपण जपल्यामुळें वांचला कीं मुळांतच बळकट होता, हें कोणत्याहि वहींत दिसत नाहीं. मोडलेल्या हाताची तेवढी नोंद होते. क्रोशेला त्या उन्हाळ्यांत चार इनिंगांवर आंत बोलावलें नसतें तरी तो २०२५ त २०५ टाकताच, असें माझे ते तिकीटवाले शेजारी म्हणतील, आणि त्यांना खोडून काढावयास माझ्यापाशीं कांहीं नाहीं. पण आतां ते भेटले तर त्यांच्या बाजूनें मी मान डोलावणार नाहीं.

चिरंजीव माझ्याशीं आठवडाभर बेताचेंच बोलले. मग एका सकाळीं त्यांनीं न विचारतां माझ्या चहांत साखर घातली, आणि तो विषय संपला.

जूनच्या अखेरीस डॉक्टरांनीं परवानगी दिली. प्रथम ४५ फुटांवरून, अंगांत जोर न आणतां, एका वेळीं २५ फेंकी. मग ६० फूट, मग ९०, मग १२०. दुखलें तर एक पायरी मागें. उंचवट्यावर चढावयाचें तें सर्वांत शेवटीं. घरामागच्या हिरवळीवर चिरंजीवांनीं टेप धरून ४५ फूट मोजले आणि दोन्ही टोंकांस दोन कुंड्या ठेवल्या. तिन्हीसांजा झाल्या होत्या. गवतांत काजवे चमकूं लागले होते. बाप पलीकडच्या कुंडीशीं उकिडवा बसला, मुलगा अलीकडे उभा राहिला, आणि मी पायरीवर वही उघडून बसलों. इतक्या जवळून इतक्या सावकाश फेंकणें त्याला फार जड गेलें. चौथ्या-पांचव्या फेंकीला त्याचा जुना जोर उसळला आणि बापानें नुसता हात वर केला. दहाव्यापासून तो सावरला. पंचविसावी फेंक गेली तेव्हां त्याच्या बापाचा चेहरा नीटसा दिसत नव्हता.

"झाल्या," मी म्हणालों.

त्यानें चेंडू परत घेतला, बोटांत फिरविला, कोपर एकदां दुमडून पाहिला आणि माझ्याकडे वळला. "आजोबा, एकच. ही लिहूं नका."

बापानें माझ्याकडे पाहिलें. चेंडू सावकाश गेला, थेट त्याच्या हातमोज्यांत. मीं २६ लिहिलें, आणि वही त्याला दाखविली.